उजगरे बाईंची उघडी गाडी

“उठा तिथून,” उजगरे बाई म्हणाल्या. “तिकडच्या सीटवर बसा. वाईपर्यंत गाडी मी नेणार.”

मी नुकता कुठं स्टिअरिंगमागे बसलो होतो. बसलो म्हणजे काय, त्या गाडीत माणूस बसत नाही, पाय लांब करून आत सरकतो. सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली, दार गुडघ्याएवढं, डोक्यावर छप्पर नाही. समोर बुटकी काच आणि तिच्या पलीकडं लांबच लांब हिरवं बॉनेट. मागची सीट नाहीच. दोन माणसं बसली की गाडी संपली. पाचगणीतल्या त्या गार सकाळी, बाईंच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये, मला राहून राहून हसू येत होतं आणि ते मी दाबत होतो.

“पण बाई, गाडी तर आता मी...”

“घेतलीय, माहीत आहे. कागदसुद्धा तुमच्या बॅगेत आहेत. पण फोनवर अट काय ठरली होती, मगदूम?”

अट ठरली होती खरी. वाईपर्यंत त्या चालवणार, वाईच्या एसटी स्टँडवर गाडी माझ्या ताब्यात देणार आणि स्वतः एसटीनं परत वर येणार. फोनवर ऐकताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. म्हातारं माणूस, इतकी वर्षं जपलेली गाडी. शेवटचं एकदा चालवावंसं वाटणारच. मी निमूटपणे उतरलो आणि डावीकडं जाऊन बसलो.

मी तेव्हा जयसिंगपूरजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होतो. लग्न व्हायचं होतं. कारखान्यात एकदा कोणी पाहुणा असली उघडी गाडी घेऊन आला होता. गेस्ट हाऊससमोर ती दिवसभर उभी होती आणि मी काही ना काही कारण काढून तिच्यावरून जात-येत होतो. तेव्हापासून ते वेड डोक्यात बसलेलं. पुढं वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिसली: ‘दोन सीटची विलायती उघडी मोटार, जुनी, चालू स्थितीत, विकणे. नुसत्या चौकशीसाठी फोन करू नये.’ मी नुसत्या चौकशीसाठीच फोन केला आणि आठ-दहा मिनिटांत गाडी माझी झाली. इतकी झटपट का झाली, हे मला तेव्हा कळलं नाही.

बाई भूगोल शिकवत. मुलींच्या एका बोर्डिंग शाळेत सगळी नोकरी झाली, मग निवृत्त होऊन त्याच गावात राहिल्या. ही गाडी त्यांनी ऐन चाळिशीत मुंबईच्या कुणाकडून तरी जुनीच घेतलेली. उंच, सडसडीत बाई. पांढरे केस मानेपाशी कापलेले, सुती साडीवर पुरुषी लोकरी कोट. बोलताना त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या कानाच्या बाजूनं मागच्या भिंतीवर काही लिहिलं असावं तसं तिकडं बघत. शिक्षकी बाणा असेल, म्हणून मी सोडून दिलं. आताही त्या गाडीला वळसा घालून उजवीकडं येताना बॉनेटवरून, दिव्यांवरून, काचेच्या चौकटीवरून बोटं फिरवत आल्या. मला वाटलं, माया.

त्यांच्याकडं स्वयंपाकपाणी बघणारी शेवंता पायरीवर उभी होती. ती पुढं आली.

“साहेब, तुमीच न्या की गाडी. बाईंचा गुडघा धरलाय थंडीनं.”

“शेवंता, आत जा. दूध उतू जाईल,” बाई म्हणाल्या.

“दूध ठेवलंच न्हाई अजून.”

“मग ठेव.”

शेवंता हलली नाही. पदराचं टोक तोंडात धरून ती माझ्याकडंच बघत राहिली. म्हाताऱ्या माणसांना जपणाऱ्या बायका अशाच घाबरट असतात, असं मनाशी म्हणत मी तिला हात हलवून निरोप दिला.

बाईंनी इंजिन चालू केलं. पोर्चच्या कौलांवरची कबुतरं उडाली. काय आवाज होता तो! खोल, घोगरा, पोटातून येणारा. फाटकातून गाडी अगदी बरोबर मधून बाहेर पडली. उतारावरून बाजारात आली. बाजारात एक गंमत झाली. आमचा आवाज ऐकू आला तशी माणसं बाजूला व्हायला लागली. चपलांच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन ओरडला, “बाई निघाल्या! बाई निघाल्या रे!” एका स्कूटरवाल्यानं स्कूटर चक्क गटाराच्या कडेला घेऊन उभी केली. एका बाईनं पोराला दंडाला धरून ओट्यावर ओढलं. केवढा मान आहे गावात, असं मला वाटलं. मी थोडा ताठ बसलो.

गावाबाहेर पडलो आणि दोन्ही बाजूंना सिल्व्हर ओकची उंच झाडं आली. ऊन, सावली, ऊन, सावली असा रस्ता. गार वारा कपाळावर आपटत होता. सीट इतकी खाली की रस्ता हाताला लागेलसं वाटावं. गाडी नुसती धावत नव्हती, रस्त्यावरून ओघळत होती. दाबून ठेवलेलं हसू शेवटी बाहेर पडलं.

“हसताय?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“हसा. पहिल्या दिवशी मीही हसले होते. एकटीच. लोकांना वाटलं, मास्तरणीला वेड लागलं.”

आणि त्याही हसल्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यामुळं ती दहा मिनिटं विसरली जातात. ती दहा मिनिटं फार सुखाची होती.

मग पसरणीचा घाट सुरू झाला.

पहिल्या वळणावर बाईंनी लांब हॉर्न दिला, गिअर खाली घेतला आणि गाडी सफाईनं वळवली. पुढच्या वळणावर दरी माझ्या बाजूला आली. खाली, फार खाली, वाईची घरं काडेपेट्यांएवढी दिसत होती, हळदीची नि उसाची शेतं, धोम धरणाचं पाणी. उघड्या गाडीत आपण आणि दरी यांच्यामध्ये काही नसतं. गुडघ्याएवढं दार, त्यापलीकडं चुन्यानं रंगवलेला कठडा, त्यापलीकडं हवा. मी सीटची कड घट्ट धरली.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाई रस्त्याकडं बघतच नाहीयेत.

त्यांचं तोंड उजवीकडं, डोंगराच्या बाजूला वळलेलं होतं. एखाद्यानं खिडकीतून शेजारच्या घराकडं बघावं तसं. गाडी उतरत होती, हात स्टिअरिंगवर होते, आणि तोंड डोंगराकडं. मला वाटलं, काही दिसलं असेल, आता वळतील. वळल्या नाहीत. समोरून एक जीप आली. जीप अगदी जवळ आली तेव्हा बाईंनी एकदम गाडी डावीकडं घेतली. माझ्या बाजूचं चाक कठड्याच्या कडेच्या खडीतून कराकरा गेलं.

“बाई!” मी ओरडलो. “समोर बघा ना!”

“समोर बघितलं की समोरचं जातं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “म्हणून बाजूला बघते.”

मला काही कळेना. “जातं म्हणजे?”

“डोळ्यांचं मधलं गेलंय माझ्या. कडा आहेत अजून. जिथं बघेन तिथं राखेसारखा एक ठिपका येतो आणि त्याच्यामागं काही दिसत नाही. तुमचा चेहरा मी पाहिलेला नाही, मगदूम. कान पाहिलाय.”

शेवंताचा तोंडातला पदर, बाजारातली बाजूला झालेली माणसं, दंडाला धरून ओढलेलं पोर, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढं आलं. तो मान नव्हता. ती माणसं जीव वाचवत होती.

“थांबवा. थांबवा गाडी! आत्ता!”

“कुठं थांबवू? मागं काय आहे बघा.”

मी मान वळवली. पोत्यांनी भरलेला एक ट्रक आमच्या पाठीला लागून उतरत होता. ड्रायव्हर हॉर्न देत होता. रस्ता अरुंद, एका बाजूला उभा कातळ, एका बाजूला कठडा.

“खाली एक रुंद जागा आहे, वडाच्या झाडापाशी. तिथं थांबते,” बाई म्हणाल्या. “तिथवर तुम्ही बोला. काय दिसतं ते सांगत राहा. लांबचं आधी, मग जवळचं. ओरडू नका. ओरडलात की मला शब्द कळत नाहीत.”

आणि मी बोलायला लागलो. दुसरं काय करणार? जीव मुठीत धरून मी बोलत सुटलो. पुढं डावं वळण. फार नाही, मध्यम. रस्ता मोकळा. वळणाच्या पुढं दिसत नाही. आता दिसतंय. एक टेम्पो वर येतोय, पांढरा. अजून लांब आहे. जवळ आला. थोडं डावीकडं. बास, बास! गेला. आता उजवं वळण, मोठं. रस्त्यात खड्डा, तुमच्या चाकाखाली. मी म्हणेन तसं स्टिअरिंग फिरत होतं. माझ्या तोंडातून शब्द निघे आणि तो शब्द चाकांत उतरे. कारखान्यात एवढ्या मोठ्या कढया उकळताना पाहिल्या, कधी असा घाम फुटला नव्हता. एक शब्द चुकला तर, जिभेवर डावं आणि उजवं यांची अदलाबदल झाली तर, एवढाच विचार डोक्यात घुमत होता.

“वड दिसतोय का?” बाईंनी विचारलं.

“दिसतोय. पुढच्या वळणापलीकडं.”

“छान सांगताय तुम्ही.”

ते वळण घेतलं आणि समोर सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला. या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसती लोकरीची पाठ.

“मेंढरं!” मी किंचाळलो. ओरडायचं नाही, हे विसरून किंचाळलो. “मेंढरं, मेंढरं!”

बाईंनी ब्रेक दाबला. गाडीचा मागचा भाग सरकला, खडीवरून तिरपा झाला, आणि माझ्याकडच्या बाजूनं आम्ही कठड्याकडं जायला लागलो. तिथं कठडा ढासळलेला होता. चार-पाच दगड तेवढे शिल्लक होते. मी डोळे मिटले. दगड लोखंडावर घासल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. इंजिन बंद पडलं होतं. खाली कुठंतरी एक दगड आपटत आपटत जात होता, त्याचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला.

डोळे उघडले तर माझ्या दाराखाली दरी होती. पुढचं चाक एका दगडाला टेकलं होतं. मागं ट्रक तिरका होऊन थांबलेला, त्याचा ड्रायव्हर आम्हाला शिव्या घालत होता. कळप ओरडत, एकमेकांवर चढत डोंगराच्या कडेला गेला. काठी घेतलेला मेंढपाळ तरातरा आला आणि त्यानं बॉनेटवर काठी आपटली.

“काय गं म्हातारे, दिसत न्हाई व्हय तुला?”

“नाही दिसत,” बाई म्हणाल्या.

त्याला ते उर्मटपणाचं वाटलं असावं. तो आणखी बोलायला तोंड उघडून उभा राहिला. मग त्यानं बाईंच्या डोळ्यांकडं नीट पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि काठी खाली घेऊन मेंढरांमागं निघून गेला.

मला माझ्या बाजूनं उतरता येईना. बाई उतरल्या, मग मी त्यांच्या सीटवरून सरपटत बाहेर आलो आणि डोंगराच्या कडेला जाऊन ओकलो. ट्रकवाला आणि त्याचा क्लीनर यांनी गाडी मागं ढकलून रस्त्यावर घेतली आणि वडाखाली लावून दिली. जाताना ट्रकवाला मला म्हणाला, “साहेब, आजीला चालवायला देऊ नका हो.” तो गेला. मेंढरं गेली. वडाखाली आम्ही दोघंच राहिलो, आणि मग मला राग आला. एवढ्या मोठ्या बाईमाणसाशी मी त्याआधी कधी तसा बोललो नव्हतो.

“मला मारायला आणलंत का इथं? स्वतःला मरायचं तर एकट्यानं मरायचं होतं!”

“मरायचं नव्हतं मला,” बाई म्हणाल्या. “मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय, कडाही जातील. पावसाळ्यापर्यंत राहतील कदाचित. हा घाट एकदा उतरायचा होता, एवढंच.”

“आणि मेंढरांच्या जागी शाळेची पोरं असती तर?”

आयुष्यभर पोरींना शिकवलेली बाई ती. कोटाच्या खिशातून त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या दिशेनं, थोडी चुकून माझ्या खांद्याच्या दिशेनं, पुढं केली.

“ते खरं आहे,” त्या म्हणाल्या. “चालवा तुम्ही.”

आता एक गोष्ट मी फोनवर बोललो नव्हतो. मला गाडी चालवता येत होती, पण ती कारखान्याची जीप, आणि तीही उसाच्या पट्ट्यातल्या सपाट रस्त्यांवर. घाटात मी कधी चालवली नव्हती. हे त्या क्षणी सांगायचं होतं. पण एवढा आवाज चढवून बोलल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार? मी स्टिअरिंगमागे सरकलो.

निघालो. आता सगळं मला दिसत होतं, आणि त्यानं भीती कमी झाली नाही, वाढली. मघा फक्त बोलायचं होतं, आता करायचंही होतं. प्रत्येक वळण मला शेवटचं वाटे. मी गिअर तिसऱ्यात टाकून ब्रेकवर पाय ठेवला आणि तो काढलाच नाही. दाबून धरला की बरं वाटत होतं. बाई शेजारी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, मान जरा खाली, ऐकत असल्यासारख्या. वाई मोठी मोठी होत होती. घरांची कौलं दिसू लागली होती.

“ब्रेकवर पाय आहे का तुमचा?” बाईंनी विचारलं.

“हो.”

“मघापासून?”

“हो.”

“वास येतोय. पाय काढा.”

मलाही वास आला, चपलेचं रबर जळावं तसा. पण समोर वळण होतं, पाय काढायला धीर होईना. उलट मी जास्त दाबला. आणि पाय खाली गेला. पार खाली, तळाला टेकला. गाडीचा वेग तसाच.

“बाई, ब्रेक लागत नाही!”

“माहीत आहे. तापलेत. पंप करा, दाबून सोडा, दाबून सोडा.”

“नाही लागत! बाई, नाही लागत!”

“समोर काय आहे?”

“वळण. उजवं. मोठं.”

“कठडा आहे?”

“आहे. अर्धाच.”

“गाडी रस्त्याच्या मधोमध घ्या. वळण घ्या, घाबरू नका, ती घेते. एवढं ती घेते.”

मी वळवली. टायर ओरडले. गाडी उजवीकडं झुकली नाही, कुठंच झुकली नाही, जमिनीला पोट लावून वळली आणि बाहेर आली. पण पुढं सरळ उतार होता, लांब, आणि वेग वाढत चालला. वारा डोळ्यांत शिरून पाणी येत होतं. इंजिन ओरडायला लागलं होतं.

बाईंचा उजवा हात आला आणि माझ्या हाताखालून गिअरच्या दांड्यावर बसला.

“हात काढा. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी सांगेन तेव्हा क्लच. आता दाबा.”

दाबला. त्यांनी दांडा मधे आणला.

“सोडा. ऍक्सिलरेटर द्या.”

“द्या?” उतारावर, ब्रेक नसताना, ऍक्सिलरेटर?

“द्या म्हणते ना! त्याशिवाय खालचा गिअर बसायचा नाही. अजून. अजून. हं, आता क्लच दाबा!”

दाबला. दांडा खट्‌कन दुसऱ्या गिअरमध्ये बसला.

“सोडा. हळू.”

इंजिननं असा आवाज काढला की आता फुटतं की काय. आम्ही दोघंही पुढं फेकलो गेलो. पण कुणीतरी मागून दोरी ओढावी तसा वेग तुटला. अजून होता, पण तुटला.

“आता बोला,” बाई म्हणाल्या. त्यांचा हात तसाच दांड्यावर होता. “काय दिसतं?”

“सरळ रस्ता. मग डावं वळण. बैलगाडी... नाही, बैलगाडी नाही, पेंढ्याची रास. कडेला. रस्ता मोकळा आहे. माणूस आहे एक, सायकलवर. बाजूला होतोय. वळणाच्या अलीकडं, डोंगराच्या बाजूला खडी टाकलीय. ढीग आहे.”

“केवढा?”

“मोठा. माणसाच्या कमरेएवढा.”

“खडी मोकळी आहे की रुतलेली?”

“मोकळी. नवी दिसतेय.”

“उजवीकडं समोरून काही येतंय?”

“नाही.”

“मग त्यात घाला. तिरपी नको, नाक सरळ घाला. मी हँडब्रेक ओढते.”

मी रस्ता ओलांडून उजवीकडं घेतली. खडी समोर आली, राखाडी, टोकदार, एक एक दगड वेगळा दिसत होता. बाईंनी हँडब्रेक ओढला. गाडी ढिगात शिरली, चुर्र असा मोठा आवाज झाला, खडी बॉनेटवर उडाली, काचेवर आली, आमच्या मांडीवर आली. आणि आम्ही थांबलो.

इंजिन बंद केल्यावर चाकांतून धूर येत होता. माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात, बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग मी बाईंकडं पाहिलं. थांबलेल्या गाडीचा हँडब्रेक त्या अजून ओढतच होत्या.

“तुम्हालाही भीती वाटली?” मी विचारलं.

“वाटली की.”

“कधीपासून?”

“तुम्ही चालवायला बसल्यापासून,” बाई म्हणाल्या. “घाटात कधी चालवली नव्हतीत ना?”

मी मान हलवली. मग लक्षात आलं की हे त्यांना दिसायचं नाही. “नाही,” मी म्हणालो.

“कळलं होतं मला. तुमच्या क्लचच्या आवाजावरून. तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तुम्ही रागावला होता, आणि ते बरोबर होतं. माझं तोंड उघडेना.”

ब्रेक गार व्हायला पुष्कळ वेळ लागला. मग पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं आम्ही वाईला उतरलो आणि गाडी एका गॅरेजमध्ये दिली. मेकॅनिकनं चाकं बघितली, आम्हा दोघांकडं बघितलं, आणि आधी पाणी आणून दिलं.

एसटी स्टँडवर पाचगणीची गाडी लागली होती. बाई फलाटावर उभ्या राहिल्या, तोंड भलतीकडं करून. गाड्यांच्या पाट्यांकडं बघून उपयोग नव्हता, म्हणून त्या कंडक्टरांच्या हाका ऐकत होत्या. एवढं पाहिल्यावर मला तिथून हलवेना. मीही त्यांच्याबरोबर वर निघालो. त्यांना खिडकीची जागा दिली. घाट लागला तसा मी पुढच्या सीटचा दांडा धरला. एसटी होती, वर चढत होती, चालवणारा पक्का होता, तरी माझा दांडा सुटला नाही.

“मगदूम,” बाई म्हणाल्या, “गाडीला गिऱ्हाईकं पुष्कळ आली होती. तुमच्यापेक्षा जास्त द्यायला तयार होती.”

“मग मला का दिलीत?”

“फोनवर मी सगळ्यांना विचारलं होतं, तुमच्या खिडकीबाहेर काय दिसतं? आठवतं तुम्हाला?”

मला आठवलं. चमत्कारिक प्रश्न वाटला होता. म्हाताऱ्या बाईंना बोलायला कुणी नसेल, असं समजून मी उत्तर दिलं होतं.

“सगळे म्हणाले, काही नाही. कुणी म्हणालं, रस्ता. तुम्ही म्हणालात, उसाच्या गाड्यांची रांग आहे. पहिल्या गाडीच्या डाव्या बैलाच्या शिंगाला लाल गोंडा आहे, उजव्याचा पडलाय. आणि गाडीवान उसावर झोपलाय, त्याचं तोंड उघडं आहे. तेव्हाच मी ठरवलं, या माणसाबरोबर घाट उतरायचा.”

एसटीनं वळण घेतलं. ढासळलेला कठडा खिडकीबाहेरून गेला. मी तो बाईंना सांगितला नाही.

बंगल्याच्या फाटकाशी शेवंता उभी होती. आम्हाला पायी येताना बघून तिनं कपाळाला हात लावला, मग धावत येऊन बाईंना मिठी मारली आणि लगेच भांडायला लागली. बाई तिच्या शिव्या मान खाली घालून ऐकत होत्या.

गाडी मी ठेवली. घाट शिकलो, नीट शिकलो. लग्न झालं, बायकोला तिच्यात बसवून कोकणात उतरलो, आणि सगळ्यात सुखाचे प्रवास त्या दोन सीटांवर झाले. अधूनमधून पाचगणीला गेलो की बाईंना बसवून गावाबाहेरच्या सपाट रस्त्यानं हिंडवून आणायचो. त्यांनी पुन्हा कधी स्टिअरिंग मागितलं नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं कडाही गेल्या होत्या.

एका दिवाळीत मात्र गाडी पोर्चमध्ये उभी असताना त्या काठी टेकत आल्या, बोटांनी दार चाचपलं आणि उजवीकडच्या सीटवर सरकल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. किल्ली माझ्या खिशात होती, इंजिन बंद होतं.

“चला, मगदूम,” त्या म्हणाल्या. “सांगा.”

मी डावीकडं जाऊन बसलो आणि सांगायला लागलो. फाटक, बाजार, चपलांचं दुकान, सिल्व्हर ओकची झाडं. घाट सुरू झाला. डावं वळण, मध्यम. पांढरा टेम्पो. उजवं वळण, मोठं. बाई स्टिअरिंग फिरवत होत्या, गिअर टाकत होत्या, तोंडानं लांब हॉर्न देत होत्या. शेवंता दारात उभी राहून हसत होती.

“आता वड दिसतोय,” मी म्हणालो.

बाईंनी वळण घेतलं. पोर्चमध्ये वारा नव्हता, गाडी इंचभर हलत नव्हती, आणि माझा डावा हात दाराची कड इतकी घट्ट धरून होता की बोटं पांढरी पडली होती.